रिकाम्या पोटी घोड्यावर बसल्याबद्दल ताईस

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार घालणार होतो, पण आठांपैकी माझी पाचच अंगं सध्या वाकतात. तेव्हा एवढ्यावर भागवून घे, उरलेल्या तीन अंगांचा नमस्कार बरा झालो की वेगळा पाठवीन. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला भिंतीवरची कोळिष्टकं इतकी स्पष्ट दिसायला लागली आहेत, की तू झाडू घेऊन शेजाऱ्यांच्या घरातही शिरतेस, असं कळलं. (कुणी कळवलं ते सांगणार नाही. शेजाऱ्यांनीच.) इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. हे मुद्दाम लिहितो, कारण मी घोड्यावरून पडलो असं तुला कुणीतरी सांगितलंय म्हणे. ताई, मी पडलो नाही. घोड्याची मान खाली गेली आणि मी तिच्यावरून पुढे गेलो. यात आणि पडण्यात फरक आहे, पण तो फोनवर समजावता येत नाही. फोनवर तू मधेच विचारतेस, "तू जेवला होतास का?" बत्तीस वर्षं इस्पितळात मेट्रन म्हणून काढल्यावर माणसाची ही सवय जात नाही हे मी समजू शकतो. पण पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून पत्र.

मूळ गोष्ट खारूची. लहानपणी ही तुझी भाची गालात घास साठवून ठेवायची, त्यावरून तिला खारू म्हणायला तूच सुरुवात केलीस. आता ती सोळा वर्षांची आहे आणि सहा वर्षं घोडेस्वारी शिकते आहे. तिची तपकिरी घोडी सदानकदा फुरफुरत असते, म्हणून तिला बडबडी म्हणतात. या दोघींचं इतकं जमायचं, की आम्हाला घरी एक वाक्य ऐकायला मिळत नसे आणि पागेत गेलं की तासभर ऐकू येत असे. मग थंडीत स्पर्धा आली. आठ अडथळे, ठरलेल्या क्रमानं उड्या मारायच्या. आधीच्या दोन रात्री खारू झोपलीच नाही, नुसती अंथरुणात बोटांनी वळणं गिरवत पडून राहिली. सकाळी घास घशाखाली उतरेना. आणि पाणी तर तिनं मुद्दाम प्यायलं नाही, कारण स्वारीची ती तंग विजार काढायला दहा मिनिटं आणि घालायला पंधरा लागतात. (मी हे आता अनुभवानं लिहितो आहे.) तिसऱ्या उडीनंतर तिनं घोडी भलतीकडेच वळवली, बडबडी गोंधळून जागच्या जागी थांबली आणि खारू एकटीच कुंपणापलीकडे गेली. हाड मोडलं नाही. पण त्या दिवसापासून ती बडबडीला खरारा करायची, दाणा घालायची, खोगीर पुसायची, फक्त वर बसायची नाही. "मी घाबरट आहे, बाबा," असं एकदाच म्हणाली आणि विषय बंद. तीन महिने घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही.

तिला शिकवणाऱ्या बाईंना सगळे सरदारीण म्हणतात. बाई साडेचार फूट उंच, आवाज मात्र दोन मैदानं पलीकडे जातो. त्यांनी मला पागेच्या दारात गाठलं आणि (त्यांच्या मते हळू आवाजात) सांगितलं, "पोरीच्या हिमतीला काही झालेलं नाही. झोप नाही, पोटात अन्न नाही, घसा कोरडा. असल्या माणसाच्या हातात मी झाडूसुद्धा देत नाही, घोडी काय देणार? त्या दिवशी मी विचारायला हवं होतं, ती चूक माझी." तू हेच सांगितलं असतंस. किंबहुना तू हेच गेली चाळीस वर्षं मला सांगत आली आहेस, म्हणूनच मला ते पटलं नाही. धैर्य ही मनाची गोष्ट आहे, तिचा न्याहारीशी काय संबंध, असं मी सरदारीणबाईंना ठणकावलं. मग घरी येऊन जेवणाच्या टेबलावर एक भाषण ठोकलं. भाषणाच्या शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, की घाबरण्यासारखं त्यात काय आहे, हवं तर मी बसून दाखवतो. खारूची आई म्हणाली, "दाखव." आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा खारूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. झालं! आता माघार घेता येईना.

नेमका त्याच आठवड्यात आमच्या छापखान्यात शब्दकोश छपाईला जायचा होता. तुला ठाऊक आहे, मुद्रितं तपासायला मी बसलो की मला जग दिसत नाही, फक्त चुका दिसतात. शेवटच्या दोन दिवसांत मिळून मी तीन तास झोपलो, आणि तेही 'ज्ञ'वर डोकं टेकून. पोटात आठ कप चहा आणि अर्धं बिस्कीट. (उरलेलं अर्धं छापखान्यातल्या मांजरानं खाल्लं.) पाण्याचा पेला समोर होता, पण त्यात मी पेनं बुडवून ठेवली होती. शेवटचं पान हातावेगळं करून मी सरळ पागेत गेलो. सरदारीणबाईंनी विचारलं, खाऊन आलात ना? मी बिस्किटाचं स्मरण करून हो म्हणालो. झोप? हो. पाणी? चहात पाणी असतंच, म्हणून तेही हो. मग त्यांनी आजोबाला बाहेर काढलं. आजोबा हा तिथला सर्वांत म्हातारा, पांढरा घोडा. आजवर त्यानं कुणाला पाडलेलं नाही, कारण त्याला तेवढी हालचालच आवडत नाही.

आता नीट लक्ष दे. रिंगणाच्या कडेनं आठ पाट्या असतात आणि प्रत्येकीवर एकेक इंग्रजी अक्षर असतं, म्हणजे कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते सांगता येतं. पण ती अक्षरं क्रमानं नसतात, ताई! ए, त्याच्यापुढे के, मग ई, मग एच, मग सी, एम, बी, एफ. पद्धतच तशी आहे म्हणे, आणि का, ते सरदारीणबाईंनाही ठाऊक नाही. जागा असतो तर मी हे ऐकून मान डोलावली असती. पण दोन दिवस शब्दकोशात राहिलेला, उपाशी, कोरडा माणूस मी. मला वाटलं, ही घोडचूक आहे. (विनोद नंतर लक्षात आला, तेव्हा नाही.) कुणीतरी छपाईचे खिळे उलटेपालटे जुळवलेत आणि ते सुधारल्याशिवाय छपाई होता कामा नये. सरदारीणबाई ओरडल्या, "एवरून सरळ केकडे!" मी लगाम ओढला आणि एवरून बीकडे निघालो. रिंगणाच्या मधून. तिथे नवशिक्यांची रांग चालली होती, पुढे एक दंतवैद्य आणि मागे त्यांच्या सासूबाई. आम्ही दोघांच्या बरोबर मधून गेलो. बीवरून सीकडे, सीवरून पुन्हा रांग कापून ईकडे. "डी कुठे आहे?" असं मी त्या सासूबाईंना विचारल्याचं सगळे सांगतात. त्यांनी मला अत्यंत नम्रपणे दंतवैद्यांकडे पाठवलं.

ईजवळ मात्र माझे हातपाय कापायला लागले. जमीन एकाएकी फार खाली गेल्यासारखी वाटली. तोंडाला इतकी कोरड पडली, की आजोबाला थांब म्हणायला जीभ उचलेना. समोर एक पाटी होती आणि तिच्यावर अक्षर होतं, पण ते कोणतं, आणि त्यानंतर कुठे जायचं, ते काही केल्या सुचेना. ताई, मी घाबरलो होतो. हसू नकोस. एकोणपन्नास वर्षांचा बाप्या, जगातल्या सर्वांत आळशी घोड्यावर बसून, रडकुंडीला आला होता. आजोबाला माझी अवस्था समजली असावी, किंवा त्यालाही तहान लागली असावी. तो आपणहून रिंगणाच्या उघड्या दारातून बाहेर पडला, घोड्यांच्या दगडी हौदापाशी गेला आणि त्यानं पाणी प्यायला मान खाली घातली. पुढचं तुला सुरुवातीलाच सांगितलं आहे. त्या दोन दिवसांत माझ्या तोंडात गेलेलं ते पहिलं स्वच्छ पाणी. स्वच्छ म्हणजे, घोड्यांच्या मानानं.

मी वर आलो तर हौदाच्या कडेला खारू उभी होती आणि हसत होती. ताई, काय हसत होती! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पलीकडे बडबडी तिला फुरफुरून साथ देत होती. खारूनं मला हाताला धरून बाहेर काढलं, हौदाच्या काठावर बसवलं, आणि मग हसू ओसरल्यावर हळूच विचारलं, "बाबा, पुढची पाटी कुठली ते तुला आठवत नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं कोरं झालं होतं."

"मलाही तसंच झालं होतं. तिसऱ्या उडीनंतर." तिनं माझ्या केसांतली गवताची काडी काढली. "तू तर घाबरट नाहीस."

मी सांगितलं, की मी चांगलाच घाबरट आहे, पण एरवी मला मुळाक्षरं तरी येतात. त्यावर तिनं खिशातून एक केळं काढलं, अर्धं मला दिलं, आणि अर्धं, कुणी न सांगता, स्वतः खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं माझा ताबा घेतला. शब्दकोशाच्या रद्द झालेल्या पानामागे माझा दिनक्रम लिहून तो न्हाणीघराच्या दाराला चिकटवला. दहाला झोप. घोड्यावर बसायच्या दोन तास आधी खाणं. पाणी दिवसभर थोडं थोडं. मीही अट घातली, की मी एकटा खाणार नाही, आणि तिच्या खोलीतला दिवा विझल्याशिवाय माझा विझणार नाही. अशा रीतीनं आपण दुसऱ्याला सुधारतो आहोत या समजुतीत आम्ही दोघंही सुधारलो. मधे अपघात झालेच. एकदा चार अंडी, उकडलेले बटाटे आणि ताटभर भात खाऊन मी लगेच वर बसलो. घोड्याच्या दुडक्या चालीला एक ताल असतो. माझ्या पोटानं दुसरा धरला. आणखी एकदा दिवसभराचं पाणी प्यायचं विसरलो म्हणून स्वारीआधी तांब्यामागून तांब्या रिचवला. त्या दिवशी आजोबानं जन्मात पहिल्यांदा भरधाव रपेट केली, कारण मी त्याला कानात कळकळीनं विनंती केली होती. (विजारीबद्दल वर लिहिलंच आहे.) पण हळूहळू जमलं. हात कापायचे थांबले. झोप झालेल्या दिवशी सरदारीणबाईंचा आवाज नुसता मोठा वाटायचा, बिनझोपेच्या दिवशी तो अपमान वाटायचा. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी पागेत पोचलो, तर बडबडीवर खोगीर चढलेलं होतं आणि खोगिरात खारू होती. मी काही बोललो नाही. सरदारीणबाईही काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ही ऐतिहासिक घटना आहे.

गेल्या रविवारी पागेची स्पर्धा झाली, पालक आणि मुलं अशा जोड्यांची. पालकांनी जमिनीवरच्या दांड्यांवरून घोडा चालवायचा, मुलांनी आठ उड्या मारायच्या. माझी फेरी आजोबानं उत्तम केली. मी त्याला अडथळा केला नाही. मग खारू. तिनं अंडं आणि पाव खाल्ला होता, पाणी प्यायली होती, रात्री नऊ तास झोपली होती. तरी रिंगणाच्या दाराशी लगाम धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. मी विचारलं, "भीती वाटते?"

"वाटते ना," ती म्हणाली. "पण तिसरीनंतर डावीकडे वळायचं, ते आठवतंय."

आणि गेली. पहिली उडी स्वच्छ. दुसरीला मागचा खूर दांडीला घासला, दांडी थरथरली आणि जागेवरच राहिली. तिसरी पार करून ती डावीकडे वळली, आणि चौथ्यापुढे बडबडी थांबली. अगदी तशीच. खारूनं तिच्या मानेवर थोपटलं, एक मोठा वळसा घेतला, पाठ ताठ केली आणि पुन्हा आली. या वेळी घोडी अशी उडाली, की दांडी आणि पोट यांच्यामधून मांजर गेलं असतं. मग पाचवी, सहावी, सातवी, आठवी, आणि शेवटी ती दोन्ही हात सोडून बडबडीच्या गळ्यात पडली. आम्ही आठ जोड्यांत सातवे आलो. (आठवी जोडी आलीच नव्हती.) दंतवैद्यांनी माझं अभिनंदन केलं, पण त्यांच्या सासूबाई मला बघून दुसऱ्या बाजूनं गेल्या. तुझंच खरं होतं, हे मी इथे एकदा लिहितो. पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेव.

प्रकृतीला जप, शिड्यांवर चढू नकोस, आणि शेजाऱ्यांना त्यांची कोळिष्टकं राहू दे.

तुझा हौदातून सुखरूप बाहेर आलेला
धाकटा भाऊ

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. पुढल्या स्पर्धेत 'एकाच घरचे तीन स्वार' असा गट आहे. खारूच्या आईला घोड्याच्या वाऱ्यानंही शिंका येतात. मी तिसरं नाव तुझं दिलं आहे. वयाच्या रकान्यात 'तरुण' लिहिलं. तुला आजोबाच मिळेल. विजारीचं माप उलट टपाली कळव.

ता. क. २. आत्या, मी खारू. बाबांनी पत्र पाकिटात घालायला दिलं, ते मी वाचलं. तुझं नाव मी सरदारीणबाईंकडे जाऊन खोडलं आहे, घाबरू नकोस. आणि आणखी एक. माझ्या फेरीचं बाबांनी जे एवढं लिहिलंय ना, त्यातलं त्यांनी काहीही पाहिलेलं नाही. पहिल्या उडीपासून आठवीपर्यंत ते डोळे गच्च मिटून कुंपणाला धरून उभे होते आणि सरदारीणबाई त्यांच्या कानात एकेक उडी सांगत होत्या. आईला शिंकांमुळे काही दिसत नव्हतं. म्हणून आत्या, पुढच्या स्पर्धेला तू नुसती ये आणि बस. आता तर तुला चांगलं दिसतं. घरातल्या कुणीतरी एकदा मला बघायला हवं.