चौकोनी कंसातला डोसेंट

६ फेब्रुवारी
जर्नलचं उत्तर आलं. नकार नाही. पेन्काला मी घरात शिरताच तेवढंच सांगितलं: नकार नाही. बायकोला बाकीचे तपशील लागत नाहीत.

संपादकबाईंचं म्हणणं इतकंच की संदर्भ आकड्यांच्या पद्धतीने द्या. म्हणजे मजकुरात कुणाचं नाव आणि साल लिहायचं नाही. चौकोनी कंस, आत एक आकडा, आणि त्या आकड्याचा धनी कोण हे लेखाच्या शेवटी यादीत. इंजिनीअरिंगमध्ये आता सगळे असंच करतात म्हणे. सगळे करतात ते मी कधी केलं नाही, म्हणून तर अजून डोसेंट आहे. जे करत आले ते प्रोफेसर झाले.

असो. लेख छापून आला की शरद ऋतूत प्रोफेसरच्या जागेसाठी अर्ज. संदर्भांचं काम रविवारपर्यंत उरकेल. जमलं तर या पद्धतीवर विभागासाठी एक छोटी पुस्तिकाही लिहून टाकीन. विभागाला गरज आहे.

१२ फेब्रुवारी
यादी तयार. आडनावांच्या अक्षरक्रमाने, मग एक, दोन, तीन. देखणी दिसते.

रालित्साला दाखवली. रालित्सा माझी डॉक्टरेटची विद्यार्थिनी. तिशी ओलांडलेली, घरी शाळकरी मुलगी, बोलणं कमी. म्हणाली, अक्षरक्रम चालत नाही. मजकुरात जो पहिला येईल तो एक, नंतरचा दोन. हे आधी का नाही सांगितलंस, विचारलं. तर म्हणे, तुम्ही विचारलं नाहीत. शिवाय हे आकडे आपोआप लावणारा एक फुकट प्रोग्राम आहे म्हणे. मी सांगितलं, ज्याला स्वतःचे संदर्भ हाताने लावता येत नाहीत त्याने गिअरबॉक्स उघडू नये. तिने मान खाली घातली. पटलं असावं.

पुस्तिका पुढच्या महिन्यात.

१ मार्च
आज सगळ्यांच्या मनगटांवर वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे. रालित्साने मलाही बांधला. गुणी मुलगी. मग दाराशी थांबून विचारलं, लेखावर दुसरं नाव तिचं येणार का?

अवघड प्रसंग होता, मी नीट हाताळला. मोजमापं तिची आहेत, कबूल. दोन हिवाळे ती बंदरावरच्या धान्याच्या कोठारात यंत्रांचे हादरे मोजायला सेन्सर घेऊन चढत होती. डॅन्यूबवरून वारा येतो तेव्हा त्या शिडीवर मी स्वतः उभा राहणार नाही. पण मोजणं वेगळं, विचार करणं वेगळं. तिला समजावलं की तिचा प्रबंध यादीत आहेच, नऊ नंबरला.

"डोसेंट, नऊ नंबर म्हणजे मी का?" तिने विचारलं.

हो म्हणालो, आणि कायमची. आकडा म्हातारा होत नाही. ती दार ओढून घेऊन गेली. भारावून गेली असावी.

१७ मार्च
कँटीनमध्ये वजडीचं सूप पिताना डीनच्या सेक्रेटरीने बातमी दिली. निवड समितीचा अध्यक्ष हिन्कोव.

माझ्या लेखात हिन्कोव कुठेच नाही. कारण सरळ आहे, त्याने या विषयावर काही लिहिलेलंच नाही. घरी येऊन शोधलं तेव्हा एक सापडलं: सूर्यफुलाच्या तेलाचा घाणा का हादरतो, जुनापुराणा लेख. हादरणं ते हादरणंच. पहिल्याच पानावर एक वाक्य घातलं, 'या क्षेत्राचा पाया ज्यांनी घातला' वगैरे, आणि त्याला तीन नंबर दिला. लिहिताना दात दुखले.

त्याच्यामागचे सगळे एकेक घर खाली सरकले. यादीतले आकडे बदलायला एक कॉफी पुरली. मजकुरातले उद्या.

१९ मार्च
मेव्हण्याकडे द्राक्षवेल छाटायला गेलो. मजकुरातले आकडे उद्या.

२३ मार्च
लेख पाठवला. मजकूर मी लिहिलाय, मला पाठ आहे. त्यात काय बघायचं. परीक्षक विचार तपासतात, आकडे नाही.

१४ जून
छापून आला. विभागासाठी दोन तबकं चीज भरलेली बानित्सा नेली. सगळ्यांनी खाल्ली, अभिनंदन मात्र तिघांनीच केलं.

रालित्साने खाल्ली नाही. तिच्या हातात लेख होता. मजकुरातल्या नऊवर बोट ठेवलं, मग यादीतल्या नऊवर. यादीत नऊ नंबरला मीच आहे, माझा एक जुना निबंध. ती दहावर गेली होती आणि दहा नंबर मजकुरात भलत्याच वाक्यापाशी. म्हणजे कोठारातली सगळी मोजमापं माझ्या नावावर. मी सांगितलं, ही यांत्रिक चूक आहे, एका घराने सगळं सरकलं, यात माणसाचा हात नाही.

"दुरुस्ती पाठवा," ती म्हणाली. "आजच."

पाठवतो म्हणालो. संध्याकाळी बसलोही लिहायला. मग लक्षात आलं की दुरुस्ती छापली तर समितीला वाटेल, लेखात माझं असं काहीच नाही. गैरसमज होईल. तेव्हा समिती झाल्यावर. ती तरुण आहे. एक उन्हाळा थांबली तर तिचं काय जातंय?

३ ऑक्टोबर
समिती.

कुणी कुणाचे लेख वाचत नाही. हिन्कोवने वाचला होता. दुसऱ्या पानावरचं एक वाक्य मोठ्याने वाचा म्हणाला. वाचलं: 'मुळातच चुकीच्या गृहीतकावर उभी असलेली ही पद्धत आता इतिहासजमा झाली आहे', चौकोनी कंसात तीन. त्याने विचारलं, हा तीन नंबर कोण? लाइपझिगचे एक गृहस्थ, मी म्हणालो, वारले बिचारे. त्याने शेवटचं पान फिरवून माझ्यासमोर धरलं.

"तीन नंबर मी आहे, ल्युबेन. आणि मी अजून जिवंत आहे."

कुणीतरी खोकलं. मी एका घराने सरकण्याचा सगळा प्रकार समजावून सांगितला. लाइपझिगचे गृहस्थ चारवर गेलेत, हेही सांगितलं. शांतपणे, मुद्देसूद. मला वाटतं छाप पडली. हिन्कोवने ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि अगदी हळू विचारलं की सगळंच एका घराने सरकलं असेल, तर नऊ नंबरची मोजमापं कुणाची?

तपासून सांगतो, म्हणालो. उत्तर जबाबदारीचं होतं, असं मला अजूनही वाटतं.

६ ऑक्टोबर
जागा रिकामी ठेवली. दुसऱ्या कुणाला दिली असती तर अन्याय म्हणता आलं असतं.

१२ ऑक्टोबर
रालित्सा लॅबची किल्ली द्यायला आली. मुलीला घेऊन परदेशी, ग्राट्सला चालली आहे, तिथल्या संशोधन गटात. मी शिफारसपत्र देऊ केलं. तिकडच्यांनी मागितलं नाही, म्हणाली. दुरुस्तीचा विषय तिने काढला नाही, तेव्हा मीही काढला नाही. जुन्या गोष्टी उकरायच्या नाहीत, एवढी समज आहे तिला.

पेन्का जेवताना म्हणाली, "तिचं नाव घालायला तुला किती वेळ लागला असता?" मी मीठ मागितलं. पेन्का इंजिनीअर नाही.

२४ मे
सुट्टी. आमच्या लिपीचा, अक्षरांचा सण. खाली रस्त्यात मुलांची मिरवणूक, बँडवाले बेसूर.

रालित्साचा लेख आला आहे, मोठ्या जर्नलमध्ये. तेच कोठार, तीच मोजमापं, पहिलं नाव तिचं. मी थेट शेवटच्या यादीत गेलो. आहे. चौदा नंबर: दोन्चेव, ल्युबेन. माझा गेल्या वर्षीचा लेख. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पेन्काला हाक मारली. ती मटार सोलत होती, तशीच उठून आली. म्हटलं, बघ, पोरगी विसरली नाही. माणूस ओळखण्यात मी चुकत नाही.

मग माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मजकुरात शोधायला लागलो. चौदा सापडेना. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. बारा आहे, सोळा आहे, चौदा कुठेच नाही. चूक असणार, म्हणालो. हे आकड्यांचं असंच असतं, एक घर सरकलं की संपलं. संपादकांना कळवायला हवं.

पेन्काने चष्मा लावला आणि बोटाने ओळ दाखवली. 'या प्रश्नाकडे याआधीही काहींचं लक्ष गेलेलं दिसतं.' पुढे कंसात बारा, मग एक आडवी रेघ, मग कंसात सोळा.

चूक नाही. पद्धतच तशी आहे. ओळीने येणारे पाचजण असले की पहिला आणि शेवटचा छापतात. मधले रेघेत. मी रेघेत आहे, आणखी दोघांबरोबर.

पेन्काने विचारलं, अर्जासाठी असा रेघेतला उल्लेख धरतात का.

धरतात, म्हणालो.