नानिवानं न दिलेली सलामी

बाबा, हे लिहायचं मी किती वर्षं टाळलं. कधी शहर बदललं, कधी पेन सापडलं नाही, आणि खरं म्हणजे राग होता. अजून आहे. होनोलुलूच्या एका होस्टेलच्या पायऱ्यांवर बसलेय. इथल्या कोंबड्या भारी निर्लज्ज, माझं अर्धं सँडविच गेलं, पण ते राहू दे. समोर बंदर दिसतं. सव्वाशे वर्षांपूर्वी तुमची नानिवा इथंच उभी होती.

आयसेलिनच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात ऑम्लेट उलटता उलटता तुम्ही सांगायचात. इंग्लंडात बांधलेली जपानी युद्धनौका, क्रूझर, बाजूंना चिलखत नाही, पोलादी कवच आत, डेकला. इथल्या राणीला हटवून बसलेल्या सरकारला तिच्या कप्तानानं सलामी दिली नाही. तुरुंगातून पळालेला एक जपानी कैदी पोहत जहाजावर आला, तर त्यालाही सरकारच्या ताब्यात देईना. "आलेल्याला परत देत नाहीत," म्हणत ऑम्लेट माझ्या ताटात.

आणि मग कॅरीला काकांच्या घरची ती दिवाळी. काका सगळ्यांसमोर म्हणतात, "काय दादा, अजून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्याच नोकरीत का रे?" सगळे हसतात, तुम्हीसुद्धा. वर मला सांगता, "काकांना नमस्कार कर." मी केला नाही. गाडीत तुम्ही म्हणालात, "जरा वाकली असतीस तर काय झिजलं असतं?"

"नानिवाचं काय झिजलं असतं?"

तुम्ही रेडिओ लावलात, तो थेट न्यू जर्सी येईपर्यंत.

तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत, हे मला इथं येऊन कळलं. वरून हुकूम आला आणि त्या कैद्याला परत दिलं. नानिवा पुढं दोन युद्धं लढली आणि उत्तरेकडच्या बेटांपाशी खडकावर फुटली. तुम्हाला माहीत असणारच. असू दे. मी तुमची अर्धीच धरून बसणार आहे.

तुम्ही गेल्यापासून आई काकांकडे राहते. आता आपलं घर विकायचं त्यांनी ठरवलंय. फोनवर म्हणतात, "ये, पाया पड, सही कर, विषय संपव." मी जाणार नाही. सही तर नाहीच.

थांबा, टॅक्सी आलीय. बाबा, आई उतरतेय. होस्टेलचा पत्ता मी फक्त तिलाच दिला होता. एकटी, खांद्याला बॅग, हातात चकल्यांचा डबा.

"काकांना सांगू नकोस," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय, मी आयसेलिनला मैत्रिणीकडे गेलेय. घर विकायचं नाही मला."

फोन वाजतोय. काकांचाच. वाजू दे, आलेल्याला परत देत नाहीत.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगते. ती टॅक्सीतून उतरली, तेव्हा कुणी न सांगता मी वाकले.