काहील चुलाणावर चढण्याआधी

सेलू, आश्विन वद्य २, शके १८६०

ती. सौ. मनकर्णाताईस, धाकट्या मार्तंडाचा सा. न. वि. वि.

ताई, अखेर येतो आहे. शाळेच्या सदर मुदर्रिसांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, रजेची रुखसत मंजूर केली. दरसाल थापा मारतो हा आरोप आता मागे घे. तुमच्या गावासमोरचं गोदागंगेतलं बेट यंदा पालथं घालायचं. रोज सकाळी पलीकडे, दिवस मावळताना परत. पहिल्या दिवशी देवीचं देऊळ, दुसऱ्या दिवशी बारव, तिसऱ्या दिवशी वीरगळ आणि तो कुणी न वाचलेला शिलालेख. सोबत तुझी भावजय हेमा, छत्र्या, फराळाचे डबे आणि ठसे घ्यायचा कागद. कार्तिक वद्य पंचमीला चुडाव्याच्या स्टेशनावर उतरतो, छकडा धाड. पाण्याला मी भीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लोभ आहे तसाच राहू दे, तिखट तेवढं कमी कर.

मार्तंड


काठवडी, आश्विन वद्य ९

चि. मार्तंडास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आन् अंगणात जाऊन बेट बघून आले. पण पंडिता, जाणार कशात? इथं नाव न्हाई. दिनकरराव भाऊजींची गूळ रांधायची काहील पाण्यात सोडतात, तीच आमची होडी. गुऱ्हाळ कार्तिक वद्य प्रतिपदेला लागतंय. काहील एकदा चुलाणावर चढली की होळीपर्यंत उतरत न्हाई. पंचमीला येऊन काय उकळत्या रसातून जाणार हायस? शिवाय हाकणारा धरून तिघंच मावतात, त्यात तू दोघांच्या जागी. हेमाची समजूत काढ.

आता थट्टा पुरे. बेटावरच्या देवीची पहिली ओटी सासुरवाशिणीनं भावाला संगं घेऊनच भरायची, ही इथली चाल. तवर पलीकडं पाय ठेवायचा न्हाई. लग्न झाल्यापासून नुसती बघायलेय. तू येतो म्हणून लिहितोस, इकडं काहील चढते. सुनेला भाऊ हाय तो कागदावरच, असं सासूबाई म्हणायल्यात. मला तीन दिवस नकोत, एकच दे.

माया हाय ती हायेच, पोट जरा कमी करून ये.

ताई


सेलू, कार्तिक शुद्ध ३

ती. ताईस सा. न.

बेत मोडला, म्हणजे जमला. बहिणीची काहील चढते आहे, रुखसत अलीकडे हवी, असं सदर मुदर्रिसांना सांगितलं. त्यांना काय उमगलं देव जाणे, पण एकदम गंभीर झाले आणि सही केली. शुद्ध चतुर्दशीला चुडाव्याला उतरतो, पौर्णिमेला पलीकडे. हेमा रुसली, मग ओटीसाठी आपला हिरवा खण काढून दिला. ती म्हणते, डबे घरीच ठेवा, ताईंना जागा द्या.

कृपा असावी, काहिलीला भोक नसावं.

मार्तंड


काठवडी, कार्तिक वद्य ४

चि. मार्तंडास आशीर्वाद.

पोचल्याचं कळलं. इथं घरभर गुळाचा वास सुटलाय. पुनवेला काहील धारेत गरगरली तेव्हा डोळे मिटून माझा पदर कुणी धरला होता, ते हेमाला सांगितलंस का? कुणी कुणाला पलीकडं नेलं ते देवीनं बघितलंय. ओटी भरून झाल्यावर तू देवळाच्या पायरीवरून हलला न्हाईस. मी बारव उतरले, वीरगळ पुसून काढले, शिलालेखावर हात फिरवला. तिकडून आपलं घर लय लहान दिसतं रे. सासूबाई अंगणात उभ्या होत्या. मी हात केला. जरा थांबून त्यांनीबी केला.

भाऊ लागतो तो पहिल्या ओटीपुरता. होळीला काहील उतरली की माझी मी जाणार हाय. सासूबाई विचारायल्यात, त्या संगं आल्या तर चालेल का.

तुझी बारव ऱ्हायलीय. ये, पदर धरायला देईन.

ताई