बादलीतलं रिव्हॉल्व्हर

चि. ऑरिन यास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा, माझी भावजय मेरिबेथ आणि अ‍ॅरिझोनातलं ते भाजकं ऊन, तिघंही आपापल्या जागी बरी असतील अशी आशा करते. इकडे मोंटानात मी ठणठणीत आहे. तुझी भाची जोलीन मात्र मला म्हातारी ठरवून बसली आहे.

तिचं म्हणणं, अडुसष्टाव्या वर्षी एकट्या बाईनं हात हलवत फिरू नये. रिव्हॉल्व्हर घेतलं नाही तर यंदा त्या जांभळ्या रानफळांच्या, हकलबेऱ्या तोडायला डोंगरात जाणं बंद, गाडीची किल्ली ती काढून घेणार. आता आईची ती बेऱ्यांची जागा तुझ्यामाझ्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नाही (जोलीनलाही नाही, तिच्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही). आई गेल्यापासून तिथला एक ऑगस्ट मी चुकवलेला नाही. तेव्हा निमूट लाइलच्या दुकानात गेले. माझी अट एकच, डोंगरात अस्वलालाही चालावं आणि गावात पर्समध्येही मावावं.

लाइलनं आधी काढलं ते चव्वेचाळीस बोअरचं धूड. अरे, त्यापेक्षा वरवंटा हलका! ते पर्समध्ये घालून मी चर्चमध्ये एका अंगावर कलूनच शिरले असते. मग एक मधलं, चार इंची नळीचं. मग एक इवलंसं, पाच गोळ्यांचं. यातलं घेऊ कुठलं, असं विचारलं तर हा साळसूदपणे म्हणतो, "ते तुम्ही कुठं फिरता त्यावर आहे, व्हर्लाबाई. पूर्वेच्या डोंगरात नुसती काळी अस्वलं. पश्चिमेला ग्रिझली, तिथं मोठ्याशिवाय भागायचं नाही." झालं! पास्टर गळ निवडता निवडता थांबले. बूट घालून बघणारी डॉर्थी एका पायावर तशीच उभी. चाळीस वर्षं हे गाव आईच्या बेऱ्यांच्या मागावर आहे, आणि आता माझ्या नळीच्या लांबीवरून त्यांना पत्ता लागणार होता. मी मान ताठ करून म्हटलं, "पूर्वेलाच फिरते मी. सगळ्यात लहान दे." (जायचं पश्चिमेला आणि जवळ हे खेळणं. पण दुसरं करणार काय?)

तर गेले. कमरेला पट्टा टिकेना (आपल्या घराण्यात बायकांना कंबर नसतेच), म्हणून रिव्हॉल्व्हर बादलीत ठेवलं आणि तोडायला लागले. बोलत होते आईशी, त्या नादात बादली भरत आली. तेवढ्यात झुडपापलीकडे कुणीतरी मचमच खातंय. मला वाटलं, डॉर्थीच! तणतणत डोकावले, तर ग्रिझली. खरं सांगते, डॉर्थी नाही हे बघून आधी हायसंच वाटलं. मग रिव्हॉल्व्हर आठवलं. ते होतं बादलीच्या तळाशी, आणि एवढ्या बेऱ्या जमिनीवर ओतायच्या म्हणजे आईनं वरून कान उपटले असते. शेवटी अस्वल दिसलं की ती करायची तेच केलं, चर्चमधलं तिचं भजन घसा ताणून म्हटलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी अस्वल उठलं आणि कंटाळून निघून गेलं.

रिव्हॉल्व्हरचा मात्र मुरंबा झाला होता. लाइलकडे साफ करायला नेलं, तर त्यानं नळीखालच्या खाचेतून सीडरच्या झाडाची एक हिरवी डहाळी ओढून काढली आणि नाकाशी धरली. सीडर फक्त पश्चिमेच्या ओढ्याला वाढतो, हे त्यालाही ठाऊक! मी ती त्याच्या हातातून घेतली, तोंडात टाकली आणि चावून गिळली. पोटाला बरी असते, म्हटलं. तो अजून माझ्याकडे बघतोय.

मुरंब्याच्या दोन बाटल्या वेगळ्या पाठवते आहे. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी ताई,
व्हर्ला

ता. क. यातलं जोलीनला काही कळवू नकोस. काडतुसं शिवणाच्या डब्यात घरीच राहिली होती, हे तर मुळीच नाही.

आणखी एक. अस्वल दुसऱ्या कडव्यावर गेलं हे नशीब. तिसरं मला येत नाही. ते आई नेहमी तुझ्याकडूनच म्हणवून घ्यायची. आता मला तिथं एकटीला जायची भीती वाटते रे. कडवं लिहून पाठवू नकोस. पुढच्या ऑगस्टला ये आणि तिथं उभा राहून म्हण. तुझी बादली मी घासून ठेवली आहे.