स्कोअरबोर्डसाठी तीन मिनिटं

४ मार्च २०२४
ठरलं. झाबेल मैदानाच्या सुनावणीत बोलणार. नाव नोंदवून आलो. माणशी तीन मिनिटं देतात. मला दोन पुरतील. बेसबॉलचा जुना लाकडी स्कोअरबोर्ड पाडून तिथे काचेची इमारत उभारणार म्हणे. त्या बोर्डाच्या पोटात उभं राहून मी एकतीस वर्षं आकड्यांच्या पाट्या टांगल्या. मी जिवंत असेपर्यंत तो पडणार नाही. रक्तदाब जरा वर आहे.

७ मार्च
भाषण तयार. अकरा पानं. शाळा सातवीत सुटली, पण मुद्दे कमी पडत नाहीत. बायकोला, बर्निसला, वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर तिचा डोळा लागला. म्हणजे तिची हरकत नाही. जाग आल्यावर म्हणाली, "एवढं कशाला, लेओ? पाडू नका म्हण आणि बस खाली."

८ मार्च, शुक्रवार
चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे. शेजारच्या ऑर्विलला बेत सांगितला. म्हणाला, "तू विरोध करणार? न्हाव्याने कान कापला तेव्हा त्याला थँक यू म्हणालास." जखम लहान होती.

१० मार्च
मेव्हणीकडे जेवण. हिरव्या जेलीत किसलेलं गाजर आणि कोबी. कशी झालीय, तिने विचारलं. मी म्हणालो, "वेगळीच आहे." तिने भांडं उचलून आत नेलं. आम्हा मिलवॉकीकरांकडे याहून कडक शब्द नाही. मी तो जपून वापरतो.

१४ मार्च, रात्री ९
जिंकलो.
बाहेर बर्फ, तळ्यावरून बोचरा वारा. इमारत बांधणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कंपनीची कॅमिल नावाची पोरगी सुनावणीच्या सभागृहाच्या दारात उभी. तिने माझा कोट घेतला, कॉफी दिली, हीटरजवळ खुर्ची ओढली, गुडघ्याची चौकशी केली. एवढं केल्यावर अकरा पानं तिच्या तोंडावर कशी मारायची? खिशातच ठेवली. पण सोडलं नाही. इमारतीच्या चित्राकडे मिनिटभर रोखून बघितलं आणि म्हणालो, "हे काहीतरी वेगळंच आहे."
ऑर्विलने टोपी काढली. पोरीने शब्द न् शब्द लिहून घेतला. बोर्ड वाचला.

१५ मार्च
झोप नाही. फार कठोर बोललो. परक्या गावातली पोर, रडली असेल. बर्निसकडून सफरचंदाचा केक करून घेतला, तिच्या ऑफिसात पोचवला. म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका." ती हसली. धीराची आहे.

३ एप्रिल
पेपरात छापून आलंय: इमारतीला मंजुरी, जुन्याजाणत्या रहिवाशांचा मनापासून पाठिंबा. छपाईची चूक. पत्र लिहून कळवणार.
ऑर्विल म्हणतो, "अरे, ती कॅलिफोर्नियाची. तिकडे वेगळं म्हणजे छान." असं कुठे असतं का? इंग्रजी एकच आहे.

२० मे
पत्र अजून पूर्ण व्हायचंय. दुसरं पान चालू आहे.
सकाळी बोर्ड पाडला. बारा मिनिटं लागली. बर्निसने माझा हात धरून ठेवला होता. कुंपणापाशी ऑर्विल म्हणाला, "तरी बरं, आणखी दोन मिनिटं बोलला नाहीस. चर्चही गेलं असतं."

२१ ऑगस्ट २०२५
इमारतीचं उद्घाटन. मला पहिल्या रांगेत खुर्ची. दाराशेजारी पितळी पाटी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत: 'हे काहीतरी वेगळंच आहे.' खाली माझं नाव.
पाटीचं पत्राने आधीच कळवलं होतं; आज स्पष्टच बोलायचं, ती काढायला लावायची, असं घरून ठरवून निघालो होतो. बर्निसला तसं दोनदा सांगितलंही. कॅमिलने माझे दोन्ही हात धरले, विचारलं, "मिस्टर व्होयचिक, कशी वाटली पाटी?"
तिच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "वाईट नाही."
बर्निस उठून गाडीकडे चालू लागली.
पाटी डावीकडे अर्धा इंच झुकलीय. आमच्या बोर्डावर असं कधी खपवून घेतलं नसतं. उद्या स्क्रूड्रायव्हर घेऊन जाईन, सरळ करून येईन.