सहाशे चाळीस भाग आणि एक खटका

१८ सप्टेंबर १९७८
बसले बाई एकदाची त्या यंत्रासमोर! टीव्हीसारखी काच, खाली टाइपरायटरसारख्या कळा. काचेवर एक हिरवा ठिपका – बस्स, बाकी काही नाही. मुंबई ऑफिसचे कर्णिक साहेब म्हणाले, "तो तुमच्या हुकुमाची वाट बघतोय." मला कधी कुणी हुकूम सोडू दिलाय! दोन वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप करतेय. 'गुड मॉर्निंग' लिहिलं. यंत्राने प्रश्नचिन्ह काढलं. उद्धट कुठलं!

काम असं आहे – आमच्या लोणावळ्याच्या कारखान्यातल्या स्टोअरचे सहाशे चाळीस सुटे भाग यात चढवायचे. १३ ऑक्टोबरला साहेब परीक्षा घेणार. जमलं तर मी कायम. नाही तर माझी तात्पुरती जागा पंधराला संपतेच, बसा घरी.

१९ सप्टेंबर
प्रश्नचिन्हं – एकतीस.

२२ सप्टेंबर
जमलं! डी-आय-आर लिहिलं, कळ दाबली, आणि यंत्राने पोटातल्या सगळ्या फायलींची नावं धडाधड ओकली. एकटीनेच टाळ्या वाजवल्या. याला आर्जवं कळत नाहीत. लांबण लावली की प्रश्नचिन्ह. मोजका शब्द हवा, तोही त्याच्याच पसंतीचा. अगदी आमच्या थोरल्या मामी! घरी आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मामींना सांगू नकोस."

२९ सप्टेंबर
स्टोअरकीपर रखमाजीभाऊंच्या कार्डांवरून टाइप करते. ते आंदर मावळातले, इथे सव्वीस वर्षं. कुठला बोल्ट कुठल्या फळीवर, डोळे बांधले तरी सांगतील. माझ्या मागे उभे राहून काचेकडे बघत बसतात. आज म्हणाले, "समदं ह्यात घातल्यावर मला कुणी काय इचारायचं, हिरा?" मी हसले. म्हटलं, "यंत्राला चहा करता येतो का, भाऊ?" ते काही हसले नाहीत.

५ ऑक्टोबर
साडेचारशे! काम जपून ठेवायचा हुकूम म्हणजे 'सेव्ह'. तो मी सगळं पुरं झाल्यावरच देणार. अर्धं पत्र कुणी फाइलला लावतं का? सहीची जागा टाइप झाल्याशिवाय कागद काढायचा नाही, ही माझी शिस्त. साहेब म्हणाले होते, खटका बंद केला तर न जपलेलं पुसतं. पण यंत्र रात्रंदिवस चालूच असतं, मग घाई कसली!

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
गेलं. सगळं गेलं.

सकाळी आत गेले तर काच काळीठिक्कर. यंत्रावर हळदकुंकू, झेंडूची माळ. रखमाजीभाऊ म्हणाले, "आवजारांना आज इसावा. समद्या मशिनी बंद केल्या, ह्याचाबी खटका वढला." सहाशे दहा झाले होते! तीसच राहिले होते! भाऊंना बिचाऱ्यांना काय ठाऊक! आमच्या घरी अवजारांची पूजा नसते, पण इथली रीत तर मला माहीत होती. आणि सेव्ह कुणी नाही केलं? मीच. माझी शिस्त गेली चुलीत. जिन्यात बसून रडले. दोन दिवसांत कुठलं होतंय आता.

११ ऑक्टोबर, दसरा
सकाळी सातलाच दारात रखमाजीभाऊ! सणाचं घर सोडून आलेले. "चल, मी सांगतो, तू लिव." मी आप्पांबरोबर धम्मदीक्षेच्या सभेला निघाले होते. आप्पा म्हणाले, "तू कामाला जा. तुझ्या वाटचं मी ऐकतो."

कार्डं नाहीत, काही नाही! डोळे मिटून सांगत होते – "तिसरी फळी, डावीकडनं दुसरा खण, पितळी वायसर, पाव इंची." मान वळवून कार्ड बघायला लागत नव्हतं, बोटं नुसती पळत होती. दर वीस ओळींना भाऊ थांबायचे. "ठिवलं का?" मी सेव्ह केलं की मगच पुढे. त्यांनी भाकरी आणि लसणाची चटणी आणली होती. एकाच फडक्यावर जेवलो. तीनशे साठ झाले. बोटं सुजलीत आणि मी खूश आहे!

१२ ऑक्टोबर
सहाशे चाळीस! सेव्ह! सेव्ह! सेव्ह!

१३ ऑक्टोबर
पास! साहेबांनी दहा भाग विचारले, स्वतः जाऊन फळ्या तपासल्या. दहाच्या दहा बरोबर. मी कायम! आप्पांनी अख्ख्या चाळीला सांगितलं. साहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं. विचारलं, "नवमीला बंद कुणी केलं होतं?" म्हटलं, "चूक माझी. मी सेव्ह केलं नव्हतं." रखमाजीभाऊ खाली बघत उभे होते.

१४ ऑक्टोबर
आज भाऊ यंत्राच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. "खटका वढला की पुसतं, ह्ये मला ठावं व्हतं, पोरी. सायबांनी तुला सांगितलं तवा मी मागंच व्हतो. जाणून वढला मी."

राग आला. फार आला. जिन्यातलं रडणं आठवलं. मी खुर्चीतून उठले आणि ती त्यांच्याकडे सरकवली. "बसा, भाऊ. आता तुम्ही टाइप करा."