तेल्हाऱ्याहून आलेला आटा

माय, तुला वाचता येत नव्हतं हे माहीत असूनही लिहायला बसले आहे. बोलून सांगावं तर शेवटची आठ-दहा वर्षं तुला ऐकूही येत नव्हतं. कापसाच्या जिनिंगमध्ये वीस हंगाम काढलेस, त्या यंत्रांच्या खडखडाटात तुझे कान गेले. पुढं पुढं समोर बसून, ओठ सावकाश हलवून, हातानं खुणा करूनच तुझ्याशी बोलता यायचं. तू डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडं बघायचीस आणि अर्धं समजून, अर्धं स्वतःच्या मनानं जुळवून उत्तर द्यायचीस. त्यातलंच एक चुकीचं जुळलेलं तुला सांगायचं राहून गेलं. दहा वर्षं झाली. दर पितृपक्षात मी अंबादेवीच्या देवळात शिधा देते आणि त्यात कणीक जरा जास्तच घालते. लोकांना वाटतं, बाई मोठी भाविक आहे. कणीक जास्त का, ते कुणाला माहीत नाही.

आज दुपारचं सांगते. तुझी नात आता अकोल्याला असते, तिथंच दिलं तिला. दुपारी पोळ्या लाटायला घेतल्या की ती मला व्हिडिओ लावते, फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते आणि कामाला लागते. बोलत काहीच नाही. कधी कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते, तेव्हा मला तासभर तिच्या ओट्यामागची पिवळी फरशी दिसत राहते. मी इकडं अमरावतीला, राजापेठेत, भाजी निवडत त्या फरशीकडं बघत बसते. आज न राहवून विचारलं, "अवं, बोलायचं काई नाई, त मंग कावून चालू ठेवतं?"

"असू दे ना आई. तू दिसली की बरं वाटते."

"डाटा जाते ना पण."

"जाऊ दे. वायफाय हाय दोन्हीकडं. अन् जाते म्हणजे कुठं जाते, शेगावले जाते का पायी?" असं म्हणून हसली. मग पोळी उलटता उलटता तिनं मला फोनवरची बातमी वाचून दाखवली. सगळ्या जगात डाटाचा वापर वर्षागणिक वाढतोच आहे. फोनवर वापरण्यात तर आपला देश भल्याभल्या श्रीमंत देशांना मागं टाकून बसला आहे. घरोघरी इंटरनेटची वायर आली, त्यावर तर काही मोजमापच उरलं नाही, आणि या सगळ्यात सगळ्यात मोठा वाटा व्हिडिओचा. "पण आता वाढ थोडी मंद होऊन राहिली म्हणते," ती म्हणाली. "माणूस दिवसभरात पाहून पाहून पाहीन किती?"

माझ्या मनात आलं, या जगभरच्या आकड्यात ही पिवळी फरशीसुद्धा धरली असेल. कुणीतरी कुठंतरी मोजलं असेल की अकोल्याहून अमरावतीला आज इतका डाटा गेला. त्यात बातमी नव्हती, सिनेमा नव्हता, एक रिकामा ओटा होता आणि त्याच्याकडं बघत बसलेली एक आई होती, हे त्या मोजणाऱ्याला कसं कळणार?

तुझ्या वेळी असं नव्हतं, माय. एक जीबीचा पॅक यायचा, अठ्ठावीस दिवसांचा. घरात नेट चालणारा माझाच एक फोन होता, त्यावर पोरीचा अभ्यास, यांची कामं आणि रविवारी तू. तुला नुसता फोन लावून उपयोग नव्हता म्हणून वहिनी तिच्या फोनवर व्हिडिओ लावायची. पहिल्यांदा मी त्यात दिसले तेव्हा तू फोन उलटा करून मागं बघितलं होतंस, मी कुठं लपले आहे ते. मग सवय झाली. रविवारी चारच्या सुमाराला तू तोंड धुऊन, कुंकू लावून, पदर सारखा करून खाटेवर बसायचीस. मी दिसले की आधी हात पुढं करायचीस आणि काचेवरून बोटं फिरवायचीस, आणि त्या बोटांनी कधीकधी व्हिडिओ बंदच व्हायचा. वहिनी ओरडायची, "आत्याबाई, हात नोका लावू, ताई पळून जाते!" तुला ते ऐकू यायचं नाही. पुन्हा लावावा लागायचा.

मी दर रविवारी वहीच्या मागच्या पानावर लिहायची, किती वापरला, किती शिल्लक. मॅट्रिकपर्यंत गणित बरं होतं माझं, आणि हिशोबाची ही सवय तुझीच. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुझ्या हाताखाली भाकरी थापत होते आणि उठताना पिठाचे हात चुलीपाशी झटकले. तू माझं मनगट धरलंस. "झटकतं काहून व? आटा हाय तो, धूळ नोहे." मग माझ्या दोन्ही हातांचं पीठ तू परातीत पुसून घेतलंस, बोटांच्या मधलंसुद्धा. त्या दिवसापासून माझ्या हातून काही वाया गेलं की मनगटाला तुझी पकड जाणवते. तेव्हा डाटा वाया जाऊ न देणं हे मला तुझंच काम केल्यासारखं वाटायचं. दहा मिनिटं झाली की मी मान हलवून, ओठ मोठे करून सांगायची, "माय, डाटा संपला. ठेवते."

असं सांगू लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या रविवारनंतरच्या मंगळवारी दादा दारात उभा. तेल्हाऱ्याहून अकोला, अकोल्याहून अमरावती, एसटीनं, मांडीवर पिशवी घेऊन. तुझ्या जुन्या लुगड्याची शिवलेली, तोंड सुतळीनं बांधलेलं. "घे," म्हणाला, "मायनं आटा धाडला. तुह्या घरचा आटा सरला म्हणे. दोन दिवस झाले, सारखी मांगं लागली माह्या, पोरीच्या घरी आटा नाई, पोरीच्या घरी आटा नाई."

मला क्षणभर कळेना. आमच्या घरी डबा काठोकाठ भरलेला. मग हे जोरात हसले. "अवं, डाटा संपला म्हणतं ना तू दर रविवारी! त्या माउलीले आटा दिसला तुह्या तोंडात." दादाही हसला, मीही हसले, पोटभर हसलो आम्ही. त्याच आट्याच्या पोळ्या केल्या. लोकवनचा गहू, जरा जाडसर दळलेला, तुझ्या हातानं निवडलेला. एक खडा नाही.

त्या दिवशीच तुला समजावून सांगायला हवं होतं. वहिनीनं आपल्या परीनं प्रयत्न केला. फोन दाखवला, वर आभाळाकडं बोट दाखवलं, मूठ उघडून रिकामी दाखवली. ती रिकामी मूठ पाहून तुझी आणखीनच खात्री झाली. वहिनीला म्हणालीस, "पोरगी लाजून राहिली. सासरचं कसं सांगीन?" मी ठरवलं होतं, प्रत्यक्ष येईन तेव्हा सांगेन. डाटा म्हणजे काय हे खुणांनी सांगायला त्या दहा मिनिटांतली किती गेली असती! आणि खरं सांगू, आटा चांगला होता, घरचा होता. पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच शब्द तशाच ओठांनी म्हटले. मला माहीत होतं तुला काय दिसणार आहे. आणखी दोन पिशव्या आल्या.

मग तो माघातला रविवार. वहिनी म्हणाली, "ताई, आत्याबाईले बरं नाई, पण तुमच्यासाठी उठून बसल्या." तू बसली नव्हतीस, तुला भिंतीला टेकवलं होतं. कुंकू मात्र होतं. तू नेहमीचंच सगळं पुन्हा विचारलंस, पोरगी शाळेत जाते का, जावयाचं पोट कसं आहे. अंबाडीची जुडी दाखवलीस, जी तू मागच्या रविवारी दाखवली होतीस, त्याच्याही मागच्या रविवारी दाखवली होतीस. मी मान हलवत होते. मग तू दोन्ही हातांच्या मुठी करून कणीक मळल्यासारखी खूण केलीस आणि भुवया वर केल्यास. आहे का? मी हो म्हटलं, हातानं डबा भरलेला दाखवला. तुला पटलं नाही. पुन्हा मुठी. पुन्हा भुवया. मी म्हटलं, "माय, डाटा संपला. ठेवते," आणि ठेवला.

बुधवारी सकाळी दादाचा फोन आला.

तेल्हाऱ्याला पोचले तेव्हा तुला अंगणात घेतलेलं होतं. वहिनी गळ्यात पडून रडली आणि त्या रडण्यातच म्हणाली, "मंगळवारी दिवसभर एकच घोकत होत्या, ताईच्या घरी आटा पोचवा. जोखून, बांधून ठेवायले लावला मले." तेराव्यानंतर निघताना दादानं ती चौथी पिशवी माझ्या सामानात ठेवली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. घरी आणून ती कोठीत ठेवली ती उघडलीच नाही. पावसाळ्यात पिठाला जाळी धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी आटा खराब होऊ दिला, माय. उंबराखाली नेऊन मुंग्यांना घातला, आणि हात झटकले नाहीत, तिथंच बसून बोटांच्या मधलं पीठसुद्धा मातीत पुसून काढलं.

त्याच वर्षी, तू गेल्यावर सात-आठ महिन्यांनी, डाटा एकाएकी स्वस्त झाला. इतका की लोक चौकात रांगा लावून सिमकार्डं घेत होते. महिन्याला जेवढा पुरवून वापरायचा तेवढा रोज मिळायला लागला. पोरगी घरभर नाचली. मी देवघरात जाऊन बसले. रोज रात्री उरलेला डाटा रद्द व्हायचा आणि सकाळी नवा यायचा, तेव्हा मला सकाळी उठल्यावर कुणीतरी परात नाल्यात रिकामी केल्यासारखं वाटायचं. पुढं घरात वायफायचा डबा लागला, आणि वहीच्या मागच्या पानाचं काम उरलं नाही.

आज पोरीनं बातमीत आणखी एक ओळ वाचली होती. जगात अजून कितीतरी मुलूख असे आहेत जिथं माणसं थोडाथोडा डाटा विकत घेतात आणि पुरवून पुरवून वापरतात. तेव्हापासून डोळ्यांपुढं एक बाई येते आहे. तिचा देश मला माहीत नाही, भाषा माहीत नाही. ती घड्याळाकडं बघते आहे आणि तिच्या हातातल्या काचेत तिची आई काहीतरी खुणा करते आहे. त्या बाईला सांगावंसं वाटतं, राहू दे गं चालू.

पोरीचा फोन ठेवल्यावर मी ती जुनी वही काढली. तुझ्या लुगड्याच्या पिशवीत ठेवली आहे, पहिल्या पिशवीत. मागचं पान उघडलं. त्या रविवारची ओळ माझ्याच अक्षरात आहे: शिल्लक चारशे दहा एमबी, मुदत उद्यापर्यंत. म्हणजे सोमवारी ते आपोआप गेलं. त्यात तू संध्याकाळपर्यंत दिसली असतीस. मी काटकसर केली, जपून वापरायची सवय, तुझीच शिकवण, असं मी आजवर स्वतःला आणि देवालाही सांगत आले. हे लिहून झालं की कागदाची घडी करून याच पिशवीत घालणार आहे, वहीच्या खाली. वाचून दाखवायला कुणी नाही आणि दाखवलं तरी तू ओठांतून काय वाचशील कोण जाणे. म्हणून एकदा नीट, सावकाश लिहिते. त्या दिवशी डाटा होता, माय. आटाही होता. मला कंटाळा आला होता.